दर्याची मर्जी

सातारा जिल्ह्याच्या पूर्वेस माण तालुका आहे. पाण्याची टंचाई तेथील लोकांच्या पाचवीलाच पुजलेली. त्या तालुक्यातील एका शाळेत मी मुख्याध्यापक असतानाची ही हकीकत आहे.

एके दिवशी वर्गात सिंधुदुर्ग किल्ल्याचा पाठ चालला होता. छत्रपती शिवाजीमहाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणजवळच्या कुरटे बेटावर या जलदुर्गाचा पाया घातला. त्याच्या चारी बाजूंना खारे पाणी. तरी आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरींना गोडे पाणी आहे. हे ऐकताच मागच्या बाकावरील एका मुलाने विचारले, “गुरुजी, समुद्राच्या मधोमध गोडे पाणी! ते आपल्याला पिऊन पाहता येईल का?” सहलीचे ठिकाण त्याच क्षणी ठरले.

बेचाळीस मुलांनी महिनोन्‌महिने पैसे साठवले. मी दिनदर्शिका उघडून ३ डिसेंबर २०१७ हा दिवस मुक्रर केला. रविवार होता, शिवाय दत्तजयंती. सुटीचा वार तेवढा मी पाहिला. पण त्या दिवशी पौर्णिमा आहे, याचा विचार केला नाही. घाटावरच्या माणसाला समुद्राच्या प्रवासात तिथीचे काय काम, असे वाटणे स्वाभाविकच होते.

रात्रभर प्रवास करून आम्ही सकाळी मालवणच्या धक्क्यावर उतरलो. त्या मुलांनी समुद्र प्रथमच पाहिला. जेमतेम दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरावर किल्ल्याची काळी तटबंदी उभी होती. पाऊस नव्हता, वाराही फारसा नव्हता. परंतु होड्या एकमेकींना बांधून ठेवलेल्या होत्या आणि बंदरावर धोक्याचा बावटा फडकत होता.

एक वयस्क तांडेल जाळे आवरीत बसले होते. मी त्यांना म्हणालो, “तांडेलकाका, ही मुले फार दुरून आली आहेत. आभाळ तर शांत आहे. एक फेरी होणार नाही का?”

त्यांनी मान हलवली. “वारो नाय म्हणान लाटय नाय, असा नसता, गुरुजी.” मग त्यांनी धक्क्याकडे बोट दाखवले. तेथील एक रिकामी होडी क्षणात पायरीच्या वर येत होती आणि क्षणात पुरुषभर खाली जात होती. “या होडीत मूल कसे उतरवाल? पलीकडे किल्ल्याभोवती पाण्याखाली खडक आहेत. मधली वाट अरुंद. लाटेने होडी आडवी झाली, तर सुकाणू हातात असून उपयोग नाही.”

मी तरीही भाड्याची गोष्ट काढली. आज ते आठवले की मान खाली जाते. तांडेल शांतपणे म्हणाले, “भाडे मलाही हवे आहे. दोन दिवस चूल उसनवारीवर चालली आहे. पण ही मुले मी मोजून नेली, तर मोजून परत आणता आली पाहिजेत.”

ज्याचे नुकसान होत होते, तोच ‘नाही’ म्हणत होता. मी निरुत्तर झालो.

मुलांचे चेहरे उतरले. आजीसाठी साखरबावीचे पाणी न्यावे म्हणून त्या मागच्या बाकावरच्या मुलाने एक रिकामी बाटली आणली होती. ती त्याने मुकाट्याने पिशवीत ठेवली. तांडेलांनी ते पाहिले. त्यांनी मुलांना वाळूत बसवून घेतले आणि समुद्राचा धडा शिकवला.

“चंद्र-सूर्याच्या ओढीने पाणी चढते, ती भरती; उतरते, ती ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला ते सर्वांत अधिक चढते, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास पाण्याची चढउतार कमी, तो भांग. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, म्हणजे भरतीची वेळ अदमासे कळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा; म्हणून पूर्ण भरती सहाच्या सुमारास. आज पौर्णिमा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. त्या वेळी पाणी सर्वांत उंच असणार, आणि त्यावर दूरच्या वादळाची लाट!”

ते वादळ म्हणजे ओखी. ३० नोव्हेंबरला कन्याकुमारीजवळून ते अरबी समुद्रात शिरले आणि लक्षद्वीपवरून पुढे सरकले. केरळ व तमिळनाडूचे शेकडो मच्छीमार त्यात बळी पडले. वादळाचे केंद्र मालवणपासून शेकडो किलोमीटर दूर होते; परंतु वादळाने उठवलेल्या लांब लाटा त्याच्या पुढे धावतात आणि शांत आभाळाखालच्या किनाऱ्यावरही येऊन आदळतात. गुजरातच्या किनाऱ्याशी पोहोचेपर्यंत मात्र ओखीचा जोर ओसरला.

त्या दिवशी आम्ही किल्ला दुरूनच पाहिला. परतीच्या वाटेवर मी मुलांना रामदास बोटीची गोष्ट सांगितली. १७ जुलै १९४७ रोजी भर पावसाळ्यात ती मुंबईहून रेवसला निघाली आणि वाटेत बुडाली. सहाशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. तेही अंतर काही फार मोठे नव्हते. समुद्रात अंतर थोडे म्हणून धोका थोडा, असे होत नाही.

जानेवारीत आम्ही पुन्हा निघालो. या खेपेस अष्टमीच्या जवळचे दिवस निवडले. निघण्याच्या आदल्या दिवशी भारतीय हवामान खात्याचा अंदाज पाहिला. हैदराबादच्या सागरी माहिती केंद्राने उंच लाटांचा इशारा दिलेला नाही, याचीही खात्री केली. दुपारी समुद्रावरून खारे वारे वाहू लागले की पाणी खवळते, म्हणून सकाळची पहिली होडी ठरवली. एक दिवस मोकळा ठेवला, आणि सर्वांत शेवटी तांडेलांना दूरध्वनी करून विचारले, “दर्याची मर्जी कशी आहे?” उत्तर आले, “या.”

तांडेलांनी प्रत्येकाला जीवरक्षक जाकीट बांधले आणि मुले मोजून होडीत घेतली : बेचाळीस, दोन होड्यांत एकवीस-एकवीस. किल्ल्यावर मुलांनी विहिरींचे पाणी चाखले. त्या मुलाने आपली बाटली काठोकाठ भरून घेतली. परत धक्क्यावर उतरताना तांडेलांनी पुन्हा मोजले. बेचाळीस.

मुलांनो, बेत आखणे आपल्या हाती असते. समुद्र आपल्या हाती नसतो. म्हणून बेतात परत फिरण्यासाठीही जागा ठेवावी. त्या डिसेंबरात आमची सहल फुकट गेली, असे काही पालक म्हणाले. मला तसे वाटत नाही. धक्क्यावरून मागे फिरलो, म्हणूनच आम्हाला दुसऱ्यांदा जाता आले.

शब्दार्थ

तांडेल – होडीचा प्रमुख नावाडी. बावटा – निशाण. मुक्रर करणे – नक्की करणे. पाचवीला पुजणे – जन्मापासून सतत वाट्याला येणे. वारो नाय म्हणान लाटय नाय, असा नसता – वारा नाही म्हणून लाटही नाही, असे नसते (मालवणी बोली).

स्वाध्याय

१. आभाळ शांत असतानाही तांडेलांनी होडी का सोडली नाही?

२. “आज ते आठवले की मान खाली जाते,” असे लेखक का म्हणतात?

३. चतुर्थीला व दशमीला पूर्ण भरती अदमासे किती वाजता येईल, ते काढा.

४. दुसऱ्या सहलीच्या वेळी कोणकोणती काळजी घेतली, ते क्रमाने लिहा.

५. ठरवलेला बेत रद्द करावा लागला, असा तुमचा एखादा अनुभव दहा ओळींत लिहा.