एका चुळीची किंमत

अक्कलदाढ पहिल्यांदा ठणकली तेव्हा मी तिशीत होतो. आईने लवंग दिली, ती दाढेखाली धरली आणि चार दिवसांत विसरलो. पुढची बारा वर्षं हेच चाललं. हिरडी सुजायची, तोंड पुरतं उघडायचं नाही, मग मेडिकलमधून गोळ्या आणायच्या. ठणका थांबला की दुखणं गेलं, अशी माझी समजूत.

बेचाळिसाव्या वर्षी गालच टम्म फुगला, तेव्हा दंतवैद्याकडे गेलो. जबड्याच्या एक्स-रेत दाढ चक्क आडवी झोपलेली दिसली. पुढच्या दाढेला ती टेकली होती आणि मधल्या फटीत अन्न अडकून त्या चांगल्या दाढेलाही कीड लागली होती. डॉक्टर म्हणाले, ‘‘विशीत आला असतात तर मुळं पूर्ण वाढलेली नसती, हाडही इतकं टणक नसतं.’’

आधी औषधांनी सूज उतरवली, मग दाढ काढली. भुलीमुळे दुखलं नाही. जाणवला तो दाब आणि ड्रिलचा आवाज. तीन टाके पडले. सूचनांचा कागद मिळाला, तो घडी करून खिशात गेला.

चूक घरी झाली. तोंडात रक्ताची चव होती, म्हणून सवयीने बेसिनपाशी जाऊन खळखळून चूळ भरली. रात्रीपर्यंत पाच-सहा वेळा. तिसऱ्या दिवशी कानापर्यंत कळा जायला लागल्या. जखमेवर धरलेली रक्ताची गुठळी निघून गेली होती आणि आतलं हाड उघडं पडलं होतं. याला ‘ड्राय सॉकेट’ म्हणतात. जखम धुऊन औषधाची पट्टी भरायला पुढे आठवडाभर खेपा घातल्या.

म्हणून सांगतो:

• सगळ्याच अक्कलदाढा काढाव्या लागत नाहीत. पण एकच जागा पुन्हा पुन्हा सुजत असेल तर एक्स-रे काढून घ्या.

• मधुमेह, रक्तदाब, रक्त पातळ करणारी गोळी, सगळं आधी सांगा. गोळी मनाने बंद करू नका. खालच्या दाढेचं मूळ ओठाच्या संवेदनेच्या नसेजवळ आहे का, हेही विचारा.

• पहिले चोवीस तास चूळ नाही, थुंकणं नाही. लाळ गिळा. बाहेरून गालावर बर्फ थांबून थांबून लावा. मिठाच्या कोमट पाण्याची चूळ दुसऱ्या दिवसापासून, तीही हलकेच.

• खाणं गार आणि मऊ: दहीभात, गार केलेली पेज. कोणी शहाळं आणलं तर पाणी पेल्यात ओतून प्या, स्ट्रॉने ओढू नका. सिगारेट, तंबाखू, मिश्री बंद.

• सूज दोन-तीन दिवस वाढते, मग उतरायला हवी. त्यानंतर दुखणं वाढलं, ताप आला किंवा रक्त थांबेना, तर लवंग शोधत बसू नका, डॉक्टरांना फोन करा.

आणि तो सूचनांचा कागद खिशात ठेवू नका. बेसिनवरच्या आरशाला चिकटवा. हात नळाकडे तिथेच जातो.