अंगणातला राजगड

दिवाळीत आपण सगळे अंगणात किल्ला करतो. वर महाराज बसवतो, खाली मावळे उभे करतो आणि झाला किल्ला असे म्हणतो. पण हा कोणता किल्ला, असे कोणी विचारले तर आपण गप्प. म्हणून या सुट्टीत मी आणि माझ्या धाकट्या भावाने खराखुरा राजगड केला. आधी वाचायचे, मग माती लावायची, असा आमचा नियम होता. तो कसा केला ते सांगते.

साहित्य : दगड, विटांचे तुकडे, जुने पोते, चाळलेली माती, पाणी, आळीव किंवा मोहरी, करवंटी, काड्या, जुन्या वहीचे कागद.

वाचन : गुरुजींनी शाळेच्या कपाटातून गडांचे पुस्तक दिले. राजगड पुणे जिल्ह्यात आहे. मुरुंबदेवाच्या डोंगरावर महाराजांनी तो बांधून घेतला. रायगडच्या आधी स्वराज्याची राजधानी इथेच होती. मधे उंच बालेकिल्ला आणि तीन बाजूंना तीन माच्या आहेत : पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी. माची म्हणजे डोंगराची पुढे गेलेली सपाट सोंड. आम्ही आधी पाटीवर नकाशा काढला आणि मग बांधायला घेतले.

कृती : मधे दगड रचा. तीन बाजूंना विटांचे तुकडे लांब मांडा. वर ओले पोते टाकून चिखल लिंपा. आळीव चार-पाच दिवस आधी पेरा, म्हणजे दिवाळीला गड हिरवागार होतो. सुवेळा माचीच्या दगडात एक आरपार भोक ठेवा. खऱ्या गडावर तसे भोक आहे, त्याला नेढे म्हणतात.

आता खरी मजा. प्रत्येक वस्तू करताना 'का?' असे विचारायचे.

तट दोन का? संजीवनी माचीला एकामागे एक असे दोन तट आहेत. बाहेरचा पडला तरी आतून लढता येते.

दरवाजा समोर का नाही? महाराजांच्या पुष्कळ गडांवर दरवाजा दोन बुरुजांच्या आड लपवलेला असतो. रायगडचा महादरवाजा तसाच आहे. आम्ही गोटी घरंगळून पाहिली. वाट सरळ असली तर गोटी दाणकन दारावर बसते. वाट वळवली की ती बुरुजालाच आपटते. मग हत्तीलाही पळत येऊन दाराला धडक देता येणार नाही.

पाणी कुठे? हे आजीने विचारले. ती म्हणाली, "आरं, तट लई केलं, पण वर मान्सं पितील काय?" आमच्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो. पण गडाला वेढा पडला तर टँकर कोण आणणार? पुस्तकात पाहिले तर गडावर पद्मावती तलाव आहे आणि काळ्या खडकात खोदलेली टाकी आहेत. गडांवर टाकी खोदताना निघालेला दगड तटाला वापरत. म्हणजे एकाच कामात पाणीही झाले आणि भिंतही झाली! आम्ही चिखलात करवंटी बसवून तलाव केला.

शेवटचे काम चिठ्ठ्यांचे. काड्यांना कागद चिकटवून नावे लिहिली. शिवाय तीन मोठ्या चिठ्ठ्या केल्या :
१६५९ – महाराणी सईबाईंचे राजगडावर निधन.
१६६६ – आग्र्याहून सुटून महाराज राजगडावर परत.
१६७० – राजाराम महाराजांचा राजगडावर जन्म.

माझा भाऊ दुसरीत आहे. जोडाक्षर आले की तो अडतो आणि पुस्तक मिटून पळतो. पण गड त्याचा स्वतःचा होता! जो येईल त्याला तोच गड दाखवायचा. आजीला वाचता येत नाही, म्हणून ती रोज विचारायची, "ही काय लिवलंय?" पहिल्या दिवशी तो 'पद्... मा...' करत थांबला. भाऊबिजेला मामा आला तेव्हा त्याने 'पद्मावती', 'आग्र्याहून', 'राजगडावर' हे सगळे न अडता वाचले. मामाने त्याला पाठीवर घेतले. आता तो दुसरे पुस्तक मागतो आहे.

२०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटले. त्यात राजगड आहे. अकरा किल्ले आपल्या महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. म्हणजे अजून अकरा दिवाळ्यांची सोय झाली.

ही भिंत वाचायला आलेल्या आईबाबांना एक विनंती. किल्ला करताना घटकाभर आमच्यापाशी बसा. माती आम्ही कालवू. तुम्ही फक्त विचारा, "ही काय लिहिलंय?"

– एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी