काटा हलत नाही तेव्हा



आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय सहावा, श्लोक १६ आणि १७, मग २३ ते २५.

भगवंत अर्जुनाला ध्यानाबद्दल सांगतायत आणि मध्येच जेवणाचा विषय निघतो. खूप खाणाऱ्याला हा योग साधत नाही, आणि अजिबात न खाणाऱ्यालाही साधत नाही. फार झोपणाऱ्याला नाही आणि सतत जागणाऱ्यालाही नाही. थोडं पुढे गेलं की सांगतात, हा योग निश्चयाने आणि मन खचू न देता करायचा. बुद्धीने धीर धरून, हळूहळू. घाई कर असं कुठेच म्हटलेलं नाही.

हे श्लोक मी गेले पाच आठवडे रोज वाचतेय. कारण पाच आठवडे माझ्या वजनाचा काटा ९७ किलोवर बसलाय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सात महिन्यांपूर्वी पुण्यात माझी बॅरिएट्रिक सर्जरी झाली, स्लीव्ह प्रकारची. यात जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढतात आणि केळ्यासारखी एक अरुंद नळी उरते. तेव्हा वजन ११८ होतं, वय ३१, शुगर हाताबाहेर गेलेली. पाटसला माहेरी बाबांनी उसाच्या बिलाचे पैसे पुढे केले. शिरूरला सासरी सासूबाईंनी तीन महिने माझं वेगळं पातेलं न कुरकुरता सांभाळलं. त्यामुळे काटा थांबला की मला फक्त वजन दिसत नाही. बाबांचा ऊस दिसतो.

त्यात लोकांचे प्रश्न. नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये मुंबईत ही सर्जरी करून घेतली होती, तेव्हापासून आपल्याकडे हे नाव बऱ्याच जणांना माहीत आहे. लग्नाकार्यात कुणीतरी म्हणतंच, "गडकरी साहेबांनी केलं तेच ना? मग तू अजून अशीच कशी?" माझ्याच आठवड्यात ऑपरेशन झालेल्या एका ताईंचं ३४ किलो कमी झालं. माझं २१. गेल्या महिन्यात दौंडला एका आत्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "एवढे पैसे घातले आणि एवढंच?" मी हसले. घरी येऊन दार लावून रडले.

भक्ती करणाऱ्या माणसाच्या मनात अशा वेळी एक वेगळीच शंका शिरते. आपलंच काहीतरी कमी पडतंय. संयम कमी, श्रद्धा कमी. आणि मग सुचतं की खाणंच बंद करू. दोन दिवस नुसत्या पाण्यावर राहू. त्याला उपवासाचं नाव दिलं की कुणी अडवतही नाही. या विचारापाशी सोळावा श्लोक मला अडवतो. आपण त्याचा पहिला अर्धा भागच ऐकत मोठे होतो, जास्त खाऊ नये. दुसरा अर्धा तितक्याच जोराने सांगितलाय हे लक्षातच येत नाही. ज्ञानेश्वर माऊली या जागी आल्यावर खाण्याला माप लावतात, आणि मग चालण्याला, बोलण्याला, झोपेलाही लावतात. उपाशी राहा असं ते म्हणत नाहीत. (आमच्या शिरूरवरून जाणारा हा रस्ता पुढे नगरवरून नेवाशाकडे जातो, जिथे १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली. बसमध्ये ते आठवलं की बरं वाटतं.)

आता थोडं शरीराबद्दल, कारण अर्धी भीती माहिती नसल्याने असते.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जे भराभर उतरतं त्यात बरंचसं पाणी असतं. शरीर साखरेचा साठा ग्लायकोजेन म्हणून ठेवतं आणि त्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. साठा संपला की पाणीही जातं. मग बऱ्याच जणांना तिसऱ्या आठवड्याच्या आसपास पहिला थांबा लागतो. पुढेही असे थांबे येतात. वजन घटलं की शरीराला रोज लागणारी ऊर्जाही घटते. त्याच्या मते तर दुष्काळ पडलेला असतो, मग ते काटकसर सुरू करतं. यात तुमचा आळस नाही. स्लीव्हनंतर वजन साधारण वर्ष ते दीड वर्ष उतरत राहतं आणि त्या काळात काटा कधीच सरळ रेषेत चालत नाही.

कुणाचं लवकर, कुणाचं उशिरा, यालाही कारणं आहेत. ऑपरेशनआधीचं वजन, वय, मधुमेह, स्नायू किती आहेत, झोप, थायरॉईड, इन्सुलिन किंवा स्टिरॉइडसारखी औषधं. मला जुना मधुमेह आहे, त्या ताईंना नाही. आमची तुलना मुळातच चुकीची होती, पण मन कुठे ऐकतं!

स्वीडनमध्ये १९८७ पासून एक मोठा अभ्यास चालला, ऑपरेशन झालेल्या आणि न झालेल्या लोकांना वर्षानुवर्षं पाहत. २००७ साली त्याचे आकडे आले. बायपास झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरलं होतं, दहा वर्षांनी ते २५ टक्क्यांवर राहिलं. म्हणजे थोडं परत आलं. पट्टी बसवलेल्यांचं तर सुरुवातीला २० आणि दहा वर्षांनी १४ टक्केच. तरीही ऑपरेशन झालेल्या गटात मृत्यूचं प्रमाण कमी निघालं. माझे २१ किलो म्हणजे जवळजवळ १८ टक्के. माझं एचबीए१सी ८.६ वरून ६.१ वर आलंय, इन्सुलिन बंद आहे. आत्यांना हे आकडे सांगून उपयोग नव्हता. स्वतःला मात्र मी रोज सांगते.

"काळजी करू नका" एवढंच म्हणून मात्र मी थांबणार नाही. पाच आठवडे काटा हलला नाही तेव्हा मी आहारतज्ज्ञ मॅडमना भेटून आले. त्यांनी आठवड्याचं सगळं खाणं लिहून मागितलं, चहाच्या घोटासकट. स्लीव्हमध्ये भाकरी अडते, पण पातळ आणि खुसखुशीत पदार्थ सरळ निघून जातात. साखरेचा चहा, उसाचा रस, फरसाण, मूठमूठ काजू. आमच्या पट्ट्यात हंगामात रस नको म्हणणं म्हणजे पाहुणचार नाकारणं! माझ्या वहीत मुख्य अडचण वेगळीच निघाली. प्रोटीन दिवसाला ६० ग्रॅम तरी हवं, मला ४० च्या वर जात नव्हतं. मी माळकरी, अंडी-मटण नाही. रांजणगावच्या कंपनीच्या कँटीनमध्ये डाळीचं पाणी आणि भातच जास्त. आता डब्यात पनीर नेते; शंभर ग्रॅममध्ये साधारण १८ ग्रॅम प्रोटीन. कधी सोयाबीनच्या वड्या, कधी मटकीची उसळ, घट्ट दही, सकाळी प्रोटीन पावडर. आधी ते खायचं, भाकरीचा घास शेवटी. पाणी जेवणाबरोबर नाही, अर्ध्या तासाने. बी-१२, लोह, कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व कायमचं. उलट्या थांबत नसतील, पाणीही टिकत नसेल, पायाला मुंग्या येत असतील किंवा पोटात जोरात दुखत असेल तर कसलंही चिंतन वाचत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आणि एकादशी. हा प्रश्न मला तुमच्यातल्या किती जणींनी विचारलाय!

मी लहानपणापासून दोन्ही एकादश्या करते, आषाढी तर निर्जळा. ऑपरेशननंतर पहिली एकादशी आली तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, निर्जळा चालणार नाही. स्लीव्हवाल्याला एका वेळी ग्लासभर पाणी पिता येत नाही. दिवसभर घोट घोट करत दीड-दोन लिटर गाठायचं असतं, त्यामुळे आज राहिलेलं उद्या सकाळी भरून निघत नाही. साबुदाण्यात प्रोटीन जवळजवळ नसतंच, नुसता पिठूळपणा. तळलेल्या वड्यांबद्दल तर बोलायलाच नको. मला फार वाईट वाटलं. वजन कमी होत नाही आणि आता व्रतही हातचं जातंय, असं काहीतरी.

सासूबाईंनीच मार्ग काढला. त्या म्हणाल्या, "अगं, तुझं तर रोजचंच व्रत झालंय. एवढुसं ताट, वेळेला गोळी, जिभेला आवर. विठोबाला कळत नाही होय?" आता माझी एकादशी अशी असते : दूध, दही, पनीर, थोडी शेंगदाण्याची आमटी, पाणी सतत, आणि संध्याकाळी हरिपाठ. प्रसादाचा पेढा कणभर जिभेवर ठेवते, उरलेला पुतण्याला. ज्यांचं बायपास झालंय त्यांनी गोडाला जास्तच जपावं. गोड वेगाने आतड्यात उतरलं की घाम, धडधड, चक्कर असा त्रास होतो. तुमच्या गुरुजींना, घरच्या मोठ्यांना विचारा. मला वाटतं बहुतेक जण सासूबाईंसारखंच बोलतील.

परवा बाबांशी फोनवर बोलताना वारीचा विषय निघाला. तुकोबांची पालखी आमच्या दौंड तालुक्यातून जाते. यवतला काळभैरवनाथाच्या मंदिरात वारकऱ्यांना पिठलं-भाकरी असते, मग वरवंड, मग पाटसवरून रोटी घाट चढून बारामतीकडे. बाबा दरवर्षी घाटापर्यंत चालतात. देहूहून निघालेली पालखी पुण्यात निवडुंग्या विठोबाला दोन रात्री मुक्काम करते. त्या दोन दिवसांत ती एक पाऊलही पंढरपूरकडे सरकत नाही, पण वारी थांबली असं कुणी म्हणत नाही. सकाळची काकड आरती, कीर्तन, जेवण, पाय चोळणं, सगळं चालू असतं. रोटी घाटात रथाला जादा बैलजोड्या लावतात आणि तरी वेग कमीच होतो. बाबा एवढंच म्हणाले, "घाटात कुणी घड्याळ बघत नाही बाळा."

मी ऊसबिलाचं बोलणार होते. राहिलं.

मला मूल हवंय. डॉक्टरांनी ऑपरेशननंतर वर्ष ते दीड वर्ष थांबायला सांगितलंय, म्हणून प्रत्येक आठवडा मोजला जातो. याच अध्यायात पुढे अर्जुनही घाबरून विचारतो की प्रयत्न करणारा मधेच अडकला तर त्याचं काय, तो फुटलेल्या ढगासारखा विरून जातो का? भगवंत त्याला म्हणतात, चांगलं करणाऱ्याची दुर्गती होत नाही. तो प्रश्न विचारल्याबद्दल ते त्याला रागावत नाहीत, हे मला फार आवडतं.

सध्या काटा आठवड्यातून एकदाच, रविवारी सकाळी. बाकी सहा दिवस वहीत तीन गोष्टी लिहिते : प्रोटीन किती, पाणी किती, घोड नदीच्या कडेने किती मिनिटं चालले. काल ३५ मिनिटं, प्रोटीन ६२. जुना पंजाबी ड्रेस कमरेत सैल झालाय, तेही लिहिलं.

उद्या २६ वा श्लोक घेऊ. मन सुटून पळतं तेव्हा त्याला परत कसं आणायचं, ते त्यात आहे. शिरूर-दौंडकडचं कुणी याच वाटेवर असेल तर आपल्या खाण्याची वही आजपासून सुरू करा, चहाच्या घोटासकट.

राम कृष्ण हरि.