पाळीच्या असह्य वेदना : अस्तर पिशवीबाहेर रुजते तेव्हा

“पाळीत पोट दुखायचेच, लग्न झाले की थांबेल.” लग्नानंतरही थांबले नाही, तर “एक मूल होऊ दे, मग थांबेल.” आपल्याकडच्या बहुतेक घरांतून मुलींना हे दोन सल्ले मिळतात. थोडीफार कळ बहुतेकींना येते आणि ती गरम पाण्याच्या पिशवीने किंवा एखाद्या गोळीने थांबतेही. पण जी मुलगी दर महिन्याला अंथरुणाला खिळते, कॉलेज बुडवते, उलट्यांनी हैराण होते, तिला ‘नाजूक’ किंवा ‘कामचुकार’ म्हणून मोकळे होणे बरोबर नाही. अशा दुखण्यामागचे एक महत्त्वाचे कारण म्हणजे ‘एन्डोमेट्रिओसिस’. जननक्षम वयाच्या साधारण १० स्त्रियांपैकी एकीला हा आजार असतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. या आजारात पेशींच्या पातळीवर काय घडते, ते आज पाहू.

अस्तराचे महिन्याचे चक्र

गर्भपिशवीला आतून मऊ अस्तर असते. पाळी संपली की बीजांडकोशातून येणाऱ्या इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे अस्तराच्या पेशी भराभर वाढतात. बीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन हे दुसरे संप्रेरक येते. ते वाढीला आवर घालते आणि अस्तर गर्भासाठी तयार करते. गर्भ राहिला नाही तर दोन्ही संप्रेरके कमी होतात, अस्तर गळते आणि रक्ताबरोबर बाहेर पडते. हीच पाळी.

एन्डोमेट्रिओसिसमध्ये या अस्तरासारख्याच पेशी गर्भपिशवीच्या बाहेर रुजतात. बीजांडकोश, गर्भपिशवीच्या मागची जागा, आतडे, लघवीची पिशवी, ओटीपोटाचे आतले पातळ आवरण ही त्यांची नेहमीची ठिकाणे. क्वचित फुप्फुसापर्यंतही त्या आढळल्या आहेत.

पेशी तिथे पोचतात कशा?

अमेरिकेतील डॉ. जॉन सॅम्पसन यांनी १९२७ साली एक उपपत्ती मांडली. पाळीचे थोडे रक्त खाली न येता गर्भनलिकांमधून उलटे ओटीपोटात जाते, त्याबरोबर अस्तराच्या जिवंत पेशीही जातात आणि तिथे रुजतात, असे त्यांचे म्हणणे. ते आजही बऱ्याच अंशी मान्य आहे. पण पुढे असे दिसले, की हा उलटा प्रवाह जवळजवळ ९० टक्के स्त्रियांमध्ये होतो. मग आजार सगळ्यांनाच का होत नाही?

शेतात पडलेले प्रत्येक बी उगवत नाही. बी कसे आहे आणि जमीन कशी आहे, यावर ते ठरते. इथेही तसेच आहे. शिवाय सॅम्पसन यांच्या उपपत्तीने सगळ्याच रुग्णांचा उलगडा होत नाही. काहींमध्ये ओटीपोटाच्या आवरणातील पेशींचेच रूपांतर होत असावे, तर काहींमध्ये पेशी रक्तातून किंवा लसिकेतून दूर जात असाव्यात, असे मानले जाते. सिझेरियनच्या वेळी काही पेशी पोटाच्या जखमेत राहून जातात. मग टाक्यांच्या व्रणात गाठ होते आणि ती नेमकी पाळीच्या वेळी दुखते.

बी रुजते कसे?

ओटीपोटात भक्षक पेशी असतात. भलतीकडे आलेल्या पेशी गिळून टाकणे हे त्यांचे काम. या आजारात भक्षक पेशींची संख्या वाढलेली दिसते, पण त्यांची गिळण्याची शक्ती कमी झालेली असते. उलट त्या सूज वाढवणारी रसायने सोडतात. म्हणजे राखणदार वाढले, पण राखण होत नाही आणि गोंधळ मात्र वाढतो.

सुटलेली पेशी आवरणाला चिकटते, विशिष्ट विकरांच्या मदतीने आत शिरते आणि नव्या रक्तवाहिन्या आपल्याकडे ओढून घेते. रक्तपुरवठा मिळाला की तिचा जम बसतो.

पुढची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. गर्भपिशवीतले निरोगी अस्तर स्वतः इस्ट्रोजेन तयार करत नाही. बाहेर रुजलेल्या पेशींमध्ये मात्र ‘अरोमाटेज’ नावाचे विकर सापडते. त्याच्या साह्याने त्या स्वतःपुरते इस्ट्रोजेन स्वतःच बनवतात. या इस्ट्रोजेनमुळे प्रोस्टाग्लँडिन हे वेदना व सूज निर्माण करणारे रसायन वाढते आणि प्रोस्टाग्लँडिन वाढले की अरोमाटेज आणखी जोमाने काम करते. असे हे चक्र एकदा सुरू झाले की स्वतःच्याच जोरावर फिरत राहते. भरीला, या पेशी प्रोजेस्टेरॉनला नीट दाद देत नाहीत. वाढवणारे संप्रेरक घरचे आणि आवर घालणाऱ्याचे कोणी ऐकत नाही, अशी स्थिती होते.

घराण्याचाही यात वाटा आहे. आई किंवा सख्ख्या बहिणीला हा आजार असेल तर मुलीला होण्याची शक्यता वाढते. ६० हजारांहून अधिक रुग्ण स्त्रियांच्या जनुकांचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यात या आजाराशी संबंधित ४२ जागा आढळल्या. तेव्हा ‘अंगात उष्णता झाली’ किंवा ‘काहीतरी खाण्यात आले’ म्हणून मुलीला दोष देण्यात अर्थ नाही. हा संसर्गजन्य रोग नाही आणि कर्करोगही नाही. बीजांडकोशाच्या काही कर्करोगांचा धोका यात थोडा वाढतो, पण एकूण शक्यता कमीच राहते.

मग इतके का दुखते?

बाहेरच्या या पेशींतूनही महिन्याच्या महिन्याला रक्त येते, पण त्याला बाहेर पडायला वाट नसते. ते तिथेच साचते, सूज येते, व्रण होतात आणि आतडे, बीजांडकोश, गर्भपिशवी एकमेकांना चिकटतात. बीजांडकोशात साचलेले जुने रक्त घट्ट व तपकिरी होते, म्हणून त्या गाठीला ‘चॉकलेट सिस्ट’ म्हणतात. रुजलेल्या भागाभोवती नवे मज्जातंतूही वाढतात आणि ते अधिक हळवे असतात. त्यामुळे आजार डोळ्यांना थोडा दिसला तरी वेदना तीव्र असू शकते, आणि आजार मोठा असूनही कुणाला फारसे दुखत नाही.

माझ्याकडे येणाऱ्या एक शिक्षिका दर महिन्याला तीन दिवस रजा घेत. सासूबाई सोबत होत्या. “डॉक्टर, आम्हीही पाळी काढली, शेतात कामं केली. हिचंच काय एवढं?” असे त्यांनी विचारले. तपासणीत दोन्ही बीजांडकोशांत चॉकलेट सिस्ट निघाल्या. वरीलप्रमाणे सारे समजावल्यावर सासूबाई बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “माझ्या धाकट्या बहिणीला असंच व्हायचं. तिला मूलही झालं नाही. तिला कुणी विचारलंच नाही.”

गर्भपिशवी काढावी का?

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्याचे प्रकरण २०१९ साली गाजले. पोटदुखी, अंगावरून जाणे अशा तक्रारींवर ‘पिशवी काढा’ हा झटपट उपाय अजूनही सुचवला जातो. एन्डोमेट्रिओसिस तर पिशवीच्या बाहेर असतो. नुसती पिशवी काढून बाहेरचे रुजलेले भाग तसेच ठेवले, तर दुखणे राहू शकते. काही निवडक रुग्णांना ही शस्त्रक्रिया लागते, पण तो शेवटचा पर्याय आहे. असा सल्ला मिळाल्यास दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाचे मत जरूर घ्यावे.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

पाळीच्या वेदनेने रोजची कामे बंद पडत असतील. पाळीत शौचाला किंवा लघवीला दुखत असेल. शरीरसंबंधाच्या वेळी आत खोल दुखत असेल. पाळी नसतानाही ओटीपोट दुखत असेल. किंवा वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहत नसतील, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे. दुखण्याची तारीख, किती दिवस दुखले, कोणती गोळी घेतली, हे दोन-तीन महिने कॅलेंडरवर लिहून न्यावे.

सोनोग्राफीत गाठी दिसतात, पण लहान डाग दिसत नाहीत. म्हणून ‘सोनोग्राफी नॉर्मल, म्हणजे काही नाही’ असे समजू नये. पूर्वी निदानासाठी दुर्बिणीची तपासणी आवश्यक मानत. २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनुसार ती प्रत्येकीला करण्याची गरज नाही. लक्षणांवरून औषध सुरू करता येते.

औषधांमागचे तत्त्व आता वाचकांच्या लक्षात येईल. वेदनाशामक गोळ्या प्रोस्टाग्लँडिन कमी करतात. त्या उपाशीपोटी घेऊ नयेत. पोटात व्रण, दमा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असल्यास विचारल्याशिवाय मुळीच घेऊ नयेत. संप्रेरकांच्या गोळ्या, डायनोजेस्ट किंवा संप्रेरकयुक्त तांबी यांनी इस्ट्रोजेनचा जोर कमी होतो व अस्तराची वाढ रोखली जाते. ही औषधे चालू असताना सहसा गर्भ राहत नाही. मूल हवे असलेल्या स्त्रीने तसे आधीच सांगावे, म्हणजे उपचार वेगळा ठरवता येतो. गरज पडल्यास दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने गाठी व चिकटलेले भाग काढतात. आजार पुन्हा उद्भवू शकतो, म्हणून बरे वाटले तरी तपासणी चालू ठेवावी. या आजाराच्या अनेक स्त्रियांना उपचाराविना किंवा उपचारांनंतर मूल होते, हेही ध्यानात ठेवावे.

या आजाराच्या निदानाला अनेकदा कित्येक वर्षे लागतात. त्यातली पहिली काही वर्षे घरातच जातात, ‘असे दुखतेच’ या समजुतीत. मुलीने “मला सहन होत नाही” असे सांगितले, तर आईने तिच्यावर विश्वास ठेवावा आणि वडिलांनी तिला दवाखान्यात न्यायला संकोच करू नये.