ऐकत नाही की ऐकू येत नाही?

नाशिकच्या आसपास द्राक्षांचे मळे पुष्कळ. समजा, अशाच एका मळ्यात एक बाई मजुरीला जाते. तिचा मुलगा तिसरीत आहे. एक दिवस शाळेतून बोलावणे आले. गुरुजी म्हणाले, "ताई, तुमचा पोरगा काही ऐकत नाही. हाक मारली तरी बघत नाही. रोज मार खातो, पण सुधरत नाही." आईने घरी नेऊन त्याला आणखी दोन धपाटे घातले.

पुढे दवाखान्यात कान तपासले. तेव्हा कळले, पोराला ऐकूच कमी येते. मग इतके दिवस त्याने मार कशासाठी खाल्ला?

असे पुष्कळ मुलांचे होते. कोणाला फळ्यावरचे दिसत नाही. कोणाची अक्षरांत गल्लत होते. कोणाला एका जागी बसवत नाही. आपण म्हणतो, पोर हट्टी आहे, वांड आहे. शाळेत शिस्त हवीच. पण जे शरीराला जमत नाही, ते छडीने जमत नाही.

आपल्या नाशिकच्या रजनीताई लिमये या शिक्षिका होत्या. त्यांच्या स्वतःच्या मुलाची बौद्धिक वाढ इतरांसारखी नव्हती. त्यांनी अशा मुलांसाठी १९७७ साली प्रबोधिनी विद्यामंदिर ही शाळा काढली. मुलाला शाळा जमत नसेल, तर शाळेने मुलाला जमवून घ्यावे, हे यातून आपण शिकावे.

आता कायदाही तेच सांगतो. शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याप्रमाणे मुलाला मारता येत नाही, त्याचा मानसिक छळही करता येत नाही. आठवी पुरी होईपर्यंत त्याला शाळेतून काढून टाकता येत नाही. २०१६ साली दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा झाला. ज्या मुलाला ४० टक्के किंवा जास्त अपंगत्वाचा दाखला मिळाला आहे, त्याला ६ ते १८ वर्षे वयापर्यंत फुकट शिक्षणाचा हक्क आहे. ते जवळच्या शाळेत घ्यावे, की खास शाळेत, हे त्याने निवडायचे.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. कधी कधी "काढले" असे कोणी म्हणत नाही. नुसता एक कागद पुढे येतो. "ताई, इथे अंगठा उठवा." कागदावर असते, 'आम्ही स्वखुशीने मुलाचा दाखला नेत आहोत.' अंगठा उठला, की मूल शाळेबाहेर! म्हणून कागद आधी वाचा. अडले तर म्हणा, "गुरुजी, कागद घरी नेते, वाचते, मग सांगते."

मुलाची तक्रार आली, तर आधी डॉक्टरांना दाखवा. मग डॉक्टरांचा कागद घेऊन गुरुजींशी गोडीने बोला. "याला पुढच्या बाकावर बसवा, तोंडाकडे बघू द्या," असे सांगा. बहुतेक वेळा तेवढ्याने भागते. न भागले, तर शाळा व्यवस्थापन समितीकडे जा. सरकारी व अनुदानित शाळांच्या या समितीत चारांत तीन सभासद पालकच असतात. तिथेही झाले नाही, तर लेखी अर्ज करा. शहरात महानगरपालिकेकडे, खेड्यात जिल्हा परिषदेकडे. अर्जाची पोच घ्या. तीन महिन्यांत निकाल द्यावा, असे कायदा सांगतो.

आपण अक्षरे शिकतो आहोत, ती अशा वेळी कामाला येतात.

प्रश्न
१. मुलगा हाकेला ओ देत नसेल, तर आधी काय कराल?
२. न वाचता अंगठा उठवला, तर काय होईल?
३. अर्जाची पोच का घ्यावी?