बँजोचा सूर गोड कसा काढावा? (नवशिक्यांसाठी पाठ)



आपल्या अमरावती-अकोल्याकडे भजन म्हटलं की खंजिरी आलीच. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ती गावोगावी पोहोचवली. काही मंडळांत खंजिरी-पेटीच्या जोडीला बँजोही असतो. हा बँजो म्हणजे बुलबुल तरंग. अमेरिकेतला चामडं ताणलेला गोल बँजो वेगळा. आपल्या वाद्याचा पूर्वज जपानी आहे. १९१२ साली नागोया शहरात गोरो मोरिता यांनी ‘ताइशोगोतो’ तयार केला, त्याचंच हे भारतीय रूप. डाव्या हाताने टाइपरायटरसारखी बटणं दाबायची आणि उजव्या हातातल्या नखीने, म्हणजे पिकने, तारा छेडायच्या.

एकदा नववीतला एक मुलगा बँजो घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, “सर, माहा बँजो खरखर काहून करते? मंडळातले काका म्हणतात, तू मांगं बस.” पोरगं रडकुंडीला आलं होतं. मी म्हटलं, “वाजवून दाखव बरं.” चाल बरोबर होती, बटणंही बरोबर होती. चूक होती उजव्या हातात. खंजिरीपुढे आपलं वाद्य ऐकू यावं म्हणून तो तारा अक्षरशः ठोकत होता.

इथे एक गोष्ट समजून घ्या. तार जास्त जोराने छेडली की ती जास्त थरथरते, खालच्या पट्ट्यांवर आपटते आणि खरखर होते. शिवाय क्षणभर सूरही चढतो. म्हणजे आवाज वाढतो, पण गोडवा जातो.

मग काय करायचं?

१. आधी तारा जुळवा. सुराच्या तारा एकमेकींशी तंतोतंत जुळल्या नसतील, तर कितीही चांगला हात बेसूरच वाटेल.

२. नखी सैल धरा. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये, टोक थोडंसंच बाहेर ठेवून. टोक जास्त बाहेर राहिलं की ते तारांत अडकतं.

३. मनगटातून वाजवा. खांदा आणि कोपर यांना आराम द्या. सगळ्या तारांवरून नखी सारख्याच वजनाने गेली पाहिजे.

४. जागा बदलून ऐका. तारा जिथे घोडीवर टेकतात तिथे आवाज बारीक आणि टोकदार येतो. घोडीपासून थोडं आत सरकलं की तो गोल आणि भरीव होतो.

५. बटण पूर्ण दाबा आणि मगच छेडा. अर्धवट दाबलं तर तार भणभणते, लवकर सोडलं तर सूर तुटतो.

त्या मुलाला मी पंधरा दिवस गाणंच वाजवू दिलं नाही. रोज दहा मिनिटं फक्त ‘सा’, अगदी हळू. पहिले चार दिवस तो कंटाळला. आठव्या दिवशी स्वतःच म्हणाला, “सर, आता तार बोलते!” पुढच्या गुरुवारच्या भजनात काकांनी त्याला पेटीशेजारी बसवलं. आवाज कमी पडतो असं वाटलं तेव्हा त्याच्यासमोर माईक ठेवला. हाताचा जोर मात्र वाढवू दिला नाही.

लक्षात ठेवा, मोठा आवाज माईक देऊ शकतो, गोड सूर मात्र हातातूनच यावा लागतो.

स्वाध्याय : एकच सूर घोडीजवळ, मधे आणि आत अशा तीन जागी वाजवा. फरक वहीत लिहा. तुमच्या कानाला कोणती जागा आवडली, आणि का?