‘दॅन’ने केला घात

1 नोव्हेंबर 2000 ला छत्तीसगड वेगळं झालं आणि आमच्या रायपूरच्या ऑफिसात नवी ग्रेडेशन लिस्ट, म्हणजे ज्येष्ठतेची यादी, लागली. माझ्यानंतर दोन वर्षांनी लागलेला सहकारी माझ्या वर! रातोरात अभ्यावेदन, म्हणजे दाद मागणारा अर्ज, लिहिलं. हिंदीत चाललं असतं, पण इंग्रजीत वजन पडेल असं वाटलं. पहिलंच वाक्य ठोकलं : ‘आय ॲम मोअर सीनियर दॅन हिम.’

साहेबांनी लाल पेन काढलं. ‘मोअर’वर काट, ‘दॅन’भोवती गोल. “पहले अंग्रेज़ी ठीक करके लाइए,” म्हणाले आणि कागद परत. तारखा, आदेश क्रमांक, सगळं खाली होतं. तिथवर त्यांची नजर पोचलीच नाही.

संध्याकाळी तात्यापारा भागात मामांकडे गेलो. ते निवृत्त मास्तर. कागद पाहून म्हणाले, “अरे, शाळेच्या पाटीवर काय असतं? उच्चतर माध्यमिक. त्यात ‘तर’ आहे, म्हणून ‘अधिक उच्चतर’ कोणी म्हणतं का? सीनियरमधला शेवटचा ‘इयर’ म्हणजे लॅटिनमधला ‘तर’च. तुलना शब्दाच्या पोटातच आहे. त्याला ‘मोअर’ नको, आणि पुढे ‘टू’ लागतो.”

चूक कुठून येते तेही तेव्हा कळलं. आपल्याला एक ‘पेक्षा’ सगळीकडे पुरतो, हिंदीत ‘से’ पुरतो. मग आपण दिसेल तिथे ‘दॅन’ चिकटवतो.

तेव्हा अर्ज लिहिणाऱ्यांनी एवढं गाठीला बांधावं. सीनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर, प्रायर, या पाचांपुढे ‘टू’. वर्षं सांगायची तर ‘सीनियर टू हिम बाय टू इयर्स’. ‘प्रिफर’लाही तेच : ‘आय प्रिफर टी टू कॉफी’. ‘एल्डर’ म्हणजे आपला थोरला. ‘एल्डर ब्रदर’ ठीक, पण वयाची तुलना करताना ‘ओल्डर दॅन’. आणि ‘मोअर बेटर’ तर चुकूनही नको. ‘बेटर’ म्हणजेच ‘अधिक चांगला’. साध्या ‘बिगर’, ‘टॉलर’पुढे मात्र ‘दॅन’च हवा, नाहीतर माझ्यासारखे पोळलेले लोक तिथेही ‘टू’ लावून मोकळे होतात.

शेवटचं सांगणं व्याकरणाबाहेरचं. आपला हक्क मागायचा तर ज्या भाषेत आपला हात बसलाय, तीच वापरावी. दुसरं अभ्यावेदन मी हिंदीत दिलं. साहेबांनी ते शेवटपर्यंत वाचलं.